जुना रॉक क्रॉलर चाकांपासून वर नव्याने बांधताना

रॉक क्रॉलर म्हणजे दगडांवर सावकाश चढणारा, रेडिओने चालवायचा छोटा ट्रक. माझ्याकडे हा आला तो खोक्यात, आणि खोकं हलवलं की तळाशी काहीतरी घरंगळायचं. उघडून बघितलं तर चार सुटे स्क्रू. तीन एम३ चे (३ मिलिमीटर जाडीचे), एक त्याहून बारीक. ट्रक वरवर धडधाकट दिसत होता: बॉडीला एक भेग, टायरांच्या खाचांत वाळलेला चिखल, बाकी सगळं जागच्या जागी. पण ते चार स्क्रू कुठून निखळलेत हे कळेपर्यंत बॅटरी लावायची नाही, असं मी ठरवलं. तीन गिअरबॉक्सच्या तळाचे निघाले. चौथा, बारीक, पुढच्या ड्राइव्हशाफ्टच्या (गिअरबॉक्सचा जोर ॲक्सलकडे नेणाऱ्या दांड्याच्या) सांध्यातली पिन धरून ठेवणारा. तो न बसवता ट्रक दगडावर नेला असता तर पिन निसटून शाफ्ट लोंबकळला असता आणि मी मोटर संपली असं समजून नवीन मोटर आणली असती.

दुसऱ्याच्या हातून आलेला क्रॉलर घेतला की पहिली ओढ असते ती नवे भाग मागवायची. पितळी नकल (पुढचं चाक ज्यावर वळतं तो भाग), ॲल्युमिनियमच्या लिंक (ॲक्सलला सांगाड्याशी जोडणारे दांडे), जोरदार मोटर. थोडं थांबा. ट्रक आधी मूळ बनावटीप्रमाणे नीट चालू द्या. ढिल्या ट्रकवर महागाचा भाग लावला तर त्या भागाने काय फरक पडला हे कधीच समजत नाही, कारण सगळा फरक खुळखुळ्यात जिरून जातो.

खाली जे सांगते आहे ते खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाच्या, पुढे-मागे सरळ दांड्याचे ॲक्सल असलेल्या, १.९ इंची चाकांच्या आणि ५४० मापाच्या ब्रश मोटरच्या ट्रकबद्दल. बहुतेक क्रॉलर याच घराण्यातले असतात.

बॅटरी लावण्याआधी हाताने तपासा

ट्रक एखाद्या डब्यावर असा ठेवा की चारही चाकं अधांतरी राहतील. आता मागचं एक चाक हळू फिरवा. क्रॉलरचे दोन्ही ॲक्सल साधारणपणे लॉक केलेले असतात, म्हणजे डावं-उजवं चाक एकत्रच फिरतं. एक चाक फिरवल्यावर दुसरं उलट दिशेला गेलं तर आत उघडा डिफरेन्शियल (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारा गिअरसंच) आहे. दुसरं हललंच नाही तर आतला शाफ्ट तुटलाय, किंवा चाकामागच्या षटकोनी हबची पिन गायब आहे. ही पिन काडीएवढी असते आणि चाक काढताना बहुधा जमिनीवर पडते, म्हणून आधी तीच बघा.

मग पुढची चाकं बघा. मागचं चाक पुढे फिरवलं की पुढची चाकंही पुढेच फिरायला हवीत. फिरवताना दर थोड्या अंतरावर 'कट्' असा आवाज येत असेल तर स्परचे (मोटरवरच्या लहान गिअरने फिरणाऱ्या मोठ्या गिअरचे) दाते खराब आहेत. आवाज नसून नुसती खरखर हाताला जाणवत असेल तर बेअरिंग.

त्यानंतर प्रत्येक चाक दोन बोटांत धरून आत-बाहेर आणि वर-खाली हलवा. वर-खाली हललं तर बेअरिंग झिजलंय किंवा नकलचा स्क्रू सैल आहे. शेवटी पुढची दोन्ही चाकं डावी-उजवी ढकला आणि सर्व्होच्या (चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरच्या) हॉर्नकडे, म्हणजे तिच्या दांड्यावरच्या आडव्या पट्टीकडे, बघा. चाक हलतं आणि हॉर्न स्थिर, तर झोल दोघांच्या मधल्या सांध्यांत आहे. हॉर्नही हलतो पण सर्व्होचा दांडा स्थिर, तर हॉर्नच्या आतले दाते गेलेत. माझ्या ट्रकमध्ये दोन्ही होतं.

हे सगळं कागदावर उतरवून ठेवा. ट्रक उघडल्यावर आठवत नाही.

स्क्रू, आटे आणि संयम

हत्यारं थोडीच लागतात, पण चांगली लागतात. १.५, २ आणि २.५ मिलिमीटरचे ॲलन ड्रायव्हर, चाकाच्या एम४ नटसाठी ७ मिलिमीटरचा पाना, एम३ नटसाठी ५.५ चा, एक टोकदार चिमटा, एक जुना टूथब्रश. कडा झिजलेला ॲलन वापरू नका. तो एका संध्याकाळीत दहा स्क्रूंची डोकी गोल करून ठेवतो.

सुटे भाग ठेवायला मी गोळ्यांची सात खणांची डबी वापरते. पुढचा ॲक्सल एका खणात, मागचा दुसऱ्यात, गिअरबॉक्स तिसऱ्यात. प्रत्येक टप्प्यावर फोनने फोटो काढायचा, आणि फोटोत स्क्रू ज्या भोकातून निघाला त्याशेजारीच ठेवायचा. सारख्या दिसणाऱ्या दोन स्क्रूंमध्ये दोन मिलिमीटर लांबीचा फरक असतो. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर तो पलीकडच्या बेअरिंगला टेकतो आणि मग चाक का अडतंय हे शोधत बसावं लागतं.

स्क्रूचं डोकं गोल झालंच असेल तर किंचित मोठा टॉर्क्स बिट हलक्या हातोडीने त्यात ठोका आणि सावकाश फिरवा. तेही जमलं नाही तर बारीक कटरने डोक्यावर खाच पाडून सपाट स्क्रूड्रायव्हर लावा. धातूत बसलेला स्क्रू हलतच नसेल तर त्याला आधीच्या मालकाने थ्रेडलॉकर (आटे घट्ट धरून ठेवणारा गोंद) लावलेला असतो. सोल्डरिंग आयर्नचं टोक डोक्यावर अर्धा मिनिट धरलं की तो सैल होतो.

आता सगळ्यात महत्त्वाची सवय. प्लास्टिकमध्ये स्क्रू परत बसवताना आधी तो उलटा फिरवा. फिरवता फिरवता एका जागी तो बारीक 'टक्' करून खाली बसतो. तिथे जुने आटे सुरू होतात. तिथून सुलटा फिरवा. असं केलं की स्क्रू आपल्याच जुन्या वाटेने आत जातो. सरळ घुसवला तर तो नवे आटे कापतो, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळेला भोकात आटेच उरत नाहीत. जुन्या ट्रकमधली निम्मी दुखणी या एका घाईतून आलेली असतात. आटे गेलेल्या भोकाला जागा असेल तर लांब स्क्रू लावा. नसेल तर भोकात झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा एक थेंब सोडा, पूर्ण वाळू द्या, मगच स्क्रू हळूहळू फिरवत आटे पाडा. भार येणाऱ्या जागी, म्हणजे लिंकच्या टोकांना किंवा नकलला, हा उपाय टिकत नाही. तिथे भागच बदला.

निळा थ्रेडलॉकर फक्त धातूवर धातू असेल तिथे लावा. प्लास्टिकला तो लागला तर प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकतं.

धुणं आणि बेअरिंग

प्लास्टिकचे भाग कोमट साबणाच्या पाण्यात तासभर बुडवून ब्रशने घासा. गाडीच्या ब्रेकसाठी मिळणारे फवारे प्लास्टिकवर मारू नका. धातूचे भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले की पुरे.

बेअरिंग मात्र एकेक करून तपासायला हवीत. ॲलन ड्रायव्हरच्या टोकावर बसवून बोटाने फिरवा. ग्रीस भरलेलं चांगलं बेअरिंग फार वेळ फिरत राहत नाही, पण मऊ फिरतं. वाळू गेलेलं अडखळत फिरतं आणि ते बोटाला कळतं. रबरी झाकण टाचणीने अलगद उचलून, आत अल्कोहोलने धुऊन, पातळ तेलाचा एक थेंब देऊन बरीच बेअरिंग वाचवता येतात. गंज दिसला तर वाचवत बसू नका. नवीन घेताना आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी अशी तीन मापं लागतात. चाकांमागे बऱ्याच ट्रकांत ५×११×४ चं बसतं, पण आपलं मोजूनच मागवा.

ॲक्सलच्या आत

क्रॉलरचं आयुष्य ॲक्सलमध्ये आहे. मोटर जोर देते, पण तो जोर शेवटी रिंग गिअर (ॲक्सलमधला मोठा गिअर) आणि त्याला फिरवणाऱ्या लहान पिनियनच्या मोजक्या दात्यांवर येऊन थांबतो. चाक दोन दगडांत अडकलं, हाताने थ्रॉटल दाबून धरलं, की तिथेच काहीतरी मोडतं.

ॲक्सल उघडल्यावर जुनं ग्रीस पुसून काढा आणि ते बोटांत चोळून बघा. त्यात चमकणारे कण असतील तर दाते झिजताहेत. रिंग गिअर उजेडात फिरवत प्रत्येक दाता बघा. सगळ्या दात्यांवर मधोमध सारखी चमक असेल तर जोडणी बरोबर आहे. चमक फक्त टोकांवर असेल तर दोन गिअर एकमेकांपासून लांब बसलेत आणि भाराखाली एकावरून एक उडी मारतात. माझ्या मागच्या ॲक्सलमध्ये हेच होतं. रिंग गिअरच्या मागे, बेअरिंग आणि गिअरच्या मध्ये, पातळ शिम वायसर घालून मी तो पिनियनकडे सरकवला. एक वायसर घातला, बंद केला, फिरवला. झोल उरला म्हणून दुसरा घातला. दुसऱ्याने अडायला लागलं, म्हणून तो काढून अर्ध्या जाडीचा घातला. हे काम अंदाजाने होत नाही, प्रत्येक वेळी पूर्ण बंद करून हातानेच बघावं लागतं. बरोबर जमलं की चाक फिरवताना एकसारखा रेशमी प्रतिकार लागतो, आणि मागे-पुढे हलवताना जेमतेम केसभर मोकळीक राहते.

ग्रीस दात्यांवर नीट लावा. सगळी पोकळी भरायची गरज नाही.

इथे मी एक चूक केली ती सांगते. पुढचा ॲक्सल बंद करताना रिंग गिअर मी विरुद्ध बाजूला बसवला. सगळं सुरेख बंद झालं, काही अडलं नाही. ट्रक डब्यावर ठेवून मागचं चाक फिरवलं तेव्हा पुढची चाकं उलटी फिरायला लागली. जमिनीवर ठेवून थ्रॉटल दिला असता तर दोन्ही ॲक्सल एकमेकांशी भांडले असते. म्हणून दोन्ही ॲक्सल आणि शाफ्ट जोडल्यावर, मोटर बसवायच्या आधी, दिशा बघाच.

ड्राइव्हशाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एकाच रेषेत यायला हवेत. सरकत्या शाफ्टचे दोन तुकडे एक दाता पुढे-मागे बसले तर शाफ्ट दर फेरीला थरथरतो. सांध्यातल्या बारीक ग्रब (बिनडोक्याच्या) स्क्रूला थ्रेडलॉकरचा थेंब लावा. तो थेंब नव्हता म्हणूनच हा स्क्रू माझ्या खोक्याच्या तळाशी आला होता. मग एक ॲक्सल पूर्ण खाली लोंबू द्या आणि शाफ्टचे दोन तुकडे एकमेकांतून सुटत नाहीत ना ते बघा.

शॉक आणि स्टिअरिंग

शॉक उघडून जुनं तेल काढलं तर माझ्या चारपैकी दोन कोरडे होते. ओ-रिंग बदला, दांड्यावर ओरखडा असेल तर दांडाही. मी ३० वजनाचं (हे दाटपणाचं माप) सिलिकॉन तेल घालते. तेल भरून दांडा अगदी सावकाश वर-खाली करा, बुडबुडे वर येतात. दहा मिनिटं तसंच उभं ठेवा, परत भरा, दांडा अर्धा आत ढकलून झाकण बंद करा. झाकणाचे आटे तिरपे लागू देऊ नका.

स्प्रिंग मऊच ठेवा. ट्रक आपल्या वजनानेच शॉकच्या प्रवासाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत तरी बसला पाहिजे. तो तसा बसलेला असला तरच खड्ड्यावरून जाताना चाकाला खाली उतरायला जागा उरते. ताठ ट्रकचं एक चाक कायम हवेत असतं.

स्टिअरिंगवर मी पूर्ण दोन दिवस घालवले आणि त्याचं मला समाधान आहे. ज्या ट्रकचा सर्व्हो चेसिसवर असतो तिथे सर्व्होपासून नकलपर्यंत एक दांडा जातो आणि ॲक्सलला आडवा धरणारा दुसरा, पॅनहार्ड. हे दोन्ही दांडे शक्य तितके समांतर आणि सारख्या लांबीचे ठेवा. नसतील तर ॲक्सल वर-खाली झाला की चाकं आपोआप वळतात. माझ्या ट्रकला आधीच्या मालकाने उंची वाढवली होती, पण पॅनहार्ड जुन्याच जागी. दगडावर चढताना ट्रक दर वेळी डावीकडे का वळतो याचं कारण तेवढंच होतं. पॅनहार्डचं चेसिसवरचं टोक एक भोक खाली घेतलं आणि तो सरळ चढायला लागला.

सर्व्होचा हॉर्न बसवायच्या आधी रेडिओ चालू करा, ट्रिम (मध्य सरकवणारी कळ) शून्यावर आणा, सर्व्हो मध्यावर येऊ द्या आणि मगच हॉर्न लावा. हॉर्न घेताना दात्यांची संख्या जुळते का बघा. २३, २४ आणि २५ दात्यांचे असे तिन्ही प्रकार असतात आणि एकातला दुसऱ्यावर जबरदस्तीने बसवला तर दाते जातात. शेवटी रेडिओवर दोन्ही बाजूंची मर्यादा लावा. चाकं वळण्याची हद्द गाठून थांबली की सर्व्होही थांबला पाहिजे. तो तिथे 'गुंss' करत ढकलत राहिला तर वीज खातो, तापतो आणि एक दिवस जळतो.

मोटर, वीज, बॅटरी

माझ्या ट्रकला कुणीतरी कमी टर्नची (तारेच्या कमी वेढ्यांची), वेगवान मोटर लावली होती. स्परचे सहा दाते एका बाजूने वितळल्यासारखे झाले होते. ३५ ते ५५ टर्नची ब्रश मोटर क्रॉलरला शोभते: टर्न जास्त म्हणजे वेग कमी आणि हळू फिरतानाची पकड चांगली. पिनियनचा ग्रब स्क्रू मोटरच्या दांड्याच्या सपाट बाजूवरच यायला हवा, थ्रेडलॉकरसकट. पिनियन आणि स्परमध्ये वहीच्या कागदाची पट्टी धरा, मोटर त्यावर दाबून घट्ट करा, पट्टी फिरवून बाहेर काढा. कागद न फाटता चुरगळून निघाला तर अंतर बरोबर. स्पर एका फेरीत चार ठिकाणी तपासा, तो किंचित वाकडा असू शकतो.

ईएससीमध्ये (मोटरचा वेग ठरवणाऱ्या सर्किटमध्ये) ड्रॅग ब्रेक पूर्ण शंभर टक्के ठेवा, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावर ट्रक उतारावर जागच्या जागी थांबतो. त्याच ठिकाणी बॅटरीचा प्रकार निवडायचा असतो. काहींत तो छोट्या जंपरने (पिनांवर बसणाऱ्या टोपीने) बदलतो. माझा निकेल बॅटरीवर ठेवलेला होता. तसाच ठेवून लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) लावली असती तर ती किती उतरली हे ईएससीने बघितलंच नसतं आणि बॅटरी कायमची गेली असती. दोन सेलच्या लायपोचा नाममात्र दाब ७.४ व्होल्ट, पूर्ण भरलेली ८.४. एका सेलला ३.२ व्होल्टच्या आसपास थांबायचं, आणि ठेवून द्यायची असेल तर सेलमागे ३.८ वर.

ट्रकबरोबर आलेली लायपो फुगलेली असेल तर ती चार्ज करून बघू नका. एकदाही नाही. टर्मिनलवर टेप लावून, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर, बॅटरी गोळा करणाऱ्या ठिकाणी द्या. नवी चार्ज करताना १सी चा नियम पाळा: ५००० एमएएचला ५ अँपिअर. आणि चार्ज होताना खोली सोडून जाऊ नका.

आधी रेडिओ चालू, मग ट्रक. बंद करताना आधी ट्रक, मग रेडिओ. चाकं अधांतरी असताना मुद्दाम रेडिओ बंद करून बघा. मोटर थांबली नाही तर रिसीव्हरचं फेलसेफ (रेडिओचा संदेश तुटल्यावर मोटर थांबवणारी सोय) लावा आणि मगच पुढे जा. सर्व्हो जोरात वळताना ट्रक क्षणभर मेल्यासारखा होत असेल तर सर्व्होला पुरेशी वीज मिळत नाही, त्याला वेगळा बीईसी (वीज पुरवणारं छोटं सर्किट) लागेल.

टायर आणि बॉडी

चिखल धुतल्यावर टायर दाबून बघा. आतला फोम पाणी पिऊन पिचकला असेल तर टायर दगडाला बिलगत नाही. बीडलॉक चाकांत (टायर गोंदाऐवजी स्क्रूंनी धरणाऱ्या) स्क्रू काढून फोम बदलता येतो. स्क्रू परत लावताना समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. वजन वाढवायचं असेल तर ते पुढच्या चाकांत, खाली. छतावर काहीही लादू नका. तसं केलं तर बाजूच्या उतारावर ट्रक उताराकडे आडवा होतो.

बॉडीच्या भेगेच्या टोकाला २ मिलिमीटरचं भोक पाडा, भेग तिथे थांबते. आतून जाळीची फायबर टेप आणि बुटांचा रबरी गोंद. दोन दिवस वाळू द्या.

पहिली बॅटरी

पहिली बॅटरी सपाट जागेवर, चालण्याच्या वेगाने घालवा. दर पाच मिनिटांनी मोटरला बोट लावा. तीन-चार सेकंदही टेकवून ठेवता येत नसेल तर एक दाता लहान पिनियन लावा. मग एक हातभर उंचीचा दगड निवडा आणि ट्रक त्याच्याशी तिरपा न्या, एका वेळी एकच पुढचं चाक चढेल असा.

भाचा शेजारी बसला होता. म्हणाला, "मावशी, जोरात दे ना!" मी रेडिओ त्याच्या हातात दिला आणि बोट जेमतेम टेकवायला सांगितलं. पुढचं उजवं चाक दगडाला लागलं, टायर चेपला, क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग ट्रक केवढ्या सावकाशीने वर आला. माथ्यावर त्याने बोट सोडलं. ट्रक तिथेच उभा राहिला, घसरला नाही. त्याने परत खाली नेऊन पुन्हा चढवला, बॅटरी संपेपर्यंत.

घरी आल्यावर चाकांचे नट, पिनियनचा ग्रब स्क्रू, शाफ्टच्या पिना आणि गिअरबॉक्सचे तळाचे तीन स्क्रू तपासा. नव्याने बसवलेले भाग पहिल्या बॅटरीत जागा धरतात आणि स्क्रू थोडे सैल होतात. माझे तळाचे तीनही पाव फेरी फिरले.